दुहेरी नागरिकत्व आणि कॉलेजचा दरवाजा



या व्यासपीठावर पंडितांची व्याख्याने पुष्कळ झाली. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढे गोदी कामगारांच्या युनियनमध्ये पगारपत्रके, चौकशीच्या नोटिसा आणि कोर्टाचे निकाल वाचता वाचता जे इंग्रजी आणि जो कायदा पदरात पडला, तेवढ्या भांडवलावर आज बोलायचे आहे. विषय मोठा आहे: एक माणूस आणि दोन देश यांचे नाते कसे बदलत गेले, आणि त्या बदलाचा धक्का शेवटी कॉलेजच्या खिडकीपाशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या मुलांना कसा बसला.

हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या दारात चालत आला. आमचा एक जुना सभासद मुंबईच्या गोदीत क्रेन चालवीत असे. निवृत्त होऊन तो बारदेशातल्या आपल्या गावी राहावयास गेला. त्याला दोन मुलगे. थोरल्याने पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि तो इंग्लंडात स्विंडन येथे गोदामात कामास लागला. धाकटा गावीच राहिला. थोरल्याची मुलगी 2006 साली तिकडेच जन्मली. आईबाप दोघेही पाळीवर जात, तेव्हा मूल सांभाळायचे कोणी? दोन वर्षांची असताना तिला आजोबांकडे आणून ठेवली. धाकट्याची मुलगीही त्याच वयाची. दोघी चुलत बहिणी एका घरात वाढल्या, एका बाकावर बसल्या, एकाच वर्षी बारावी झाल्या आणि वैद्यकीच्या प्रवेशाची नीट परीक्षाही बरोबरच बसल्या. थोरल्याच्या मुलीला गुण अधिक पडले. जागा मिळाली ती धाकट्याच्या मुलीला. आजोबा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, एका घरातल्या दोन पोरी. एकीला सरकार आपली म्हणते, दुसरीला पाव्हणी म्हणते. हा हिशेब मला समजावून द्या."

तो हिशेब मांडण्याचा प्रयत्न म्हणजेच हे व्याख्यान.

आरंभ जरा मागून केला पाहिजे. माणसाला दोन राष्ट्रीयत्वे असणे ही गोष्ट आज अनेक देशांत मान्य असली, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाचा कल उलट होता. 1930 साली हेग येथे राष्ट्रीयत्वाच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येकाला राष्ट्रीयत्व असावे आणि ते एकच असावे, हे त्याचे सूत्र. दोन झेंड्यांखालच्या माणसाला युद्धाच्या वेळी कोणत्या सैन्यात धरायचे, ही त्या काळच्या मुत्सद्द्यांची चिंता होती. 1955 च्या एप्रिलमध्ये बांडुंगची परिषद चालू असताना चीन आणि इंडोनेशिया यांनी जो करार केला, तोही इंडोनेशियातील चिनी लोकांचे दुहेरी राष्ट्रीयत्व संपविण्यासाठीच होता.

आपली घटना या हवेत तयार झाली. 1949 च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत नागरिकत्वाची कलमे चर्चेला आली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी, मसुदा समितीला या कलमाइतका ताप दुसऱ्या एखाद्याच कलमाने दिला असेल, अशा अर्थाचे उद्गार काढले. अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांचा आक्षेप असा की, या मसुद्याने भारताचे नागरिकत्व पृथ्वीवर सर्वांत स्वस्त होऊन बसेल. फाळणीचे घाव ताजे होते. कोण आपला आणि कोण परका हा प्रश्न लाखो निर्वासितांच्या छावण्यांतून विचारला जात होता. अखेर नववे कलम असे ठरले की, जो स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेईल तो भारताचा नागरिक राहणार नाही. ही कलमे 26 नोव्हेंबर 1949 पासूनच अमलात आली. 1955 च्या नागरिकत्व कायद्याने, त्याच्याही नवव्याच कलमात, तोच नियम कायमचा केला.

आता याचा कॉलेजशी संबंध काय? तो घटनेतच आहे. चौदावे कलम कायद्यापुढील समानता देते ती 'व्यक्ती'ला. म्हणजे परकी माणूसही त्यात आला. परंतु पंधरावे कलम भेदभावास मनाई करते ते 'नागरिका'च्या बाबतीत. एकोणतिसाव्या कलमाचा दुसरा भाग तर थेट शाळा-कॉलेजाविषयी आहे. सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे ते सांगते. पण तेही 'नागरिका'लाच. याच कलमाच्या आधारे मद्रासच्या जातवार जागावाटपाच्या हुकमावर कोर्टात दावा झाला, 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, आणि मागासवर्गीयांच्या जागा वाचविण्यासाठी त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. म्हणजे प्रवेशाचे भांडण हे आपल्या प्रजासत्ताकाच्या अगदी पहिल्या भांडणांपैकी आहे. मात्र ते सारे नागरिकानागरिकांतले भांडण होते. घराबाहेरचा त्यात कोणी नव्हता.

पुढे लवकरच दुसरी एक कसोटी पुढे आली: रहिवासाची. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळच्या मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरच्यांना मात्र 1,300 किंवा 1,500 रुपये भरावे लागत. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने याविरुद्ध दाद मागितली. 1955 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही फी वैध ठरविली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: घटनेने जन्मस्थानावरून भेद करू नये असे सांगितले आहे, जन्म ही एक गोष्ट आणि रहिवास ही दुसरी. राज्य आपल्या पैशाने कॉलेज चालविते, तेव्हा शिकून राज्यातच राहण्याचा संभव असलेल्यांना त्याने सवलत दिली, तर ते अन्यायाचे नाही.

श्रोतेहो, हा निकाल नीट ध्यानात ठेवावा. भारताचे नागरिकत्व एकच. परंतु कॉलेजच्या दारात पाहिले तर जणू राज्याराज्यांची वेगळी नागरिकत्वे तयार झाली. 1984 साली प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने सांगितले की, अधिवास एकच आहे आणि तो भारताचा. तरीही दाखला मागणे थांबले नाही. आपल्या महाराष्ट्रात तर राज्याच्या आतही भिंती होत्या: वैद्यकीच्या सत्तर टक्के जागा त्या त्या विभागाच्या मुलांना आणि तीस टक्के सर्वांना. मराठवाड्याच्या मुलांनी वर्षानुवर्षे तक्रार केल्यावर 2020 च्या सप्टेंबरमध्ये ही पद्धत बंद झाली. 2025 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीसाठी रहिवासावर राखलेल्या जागा घटनाबाह्य ठरविल्या. एवंच, नागरिकत्व आणि रहिवास या दोन कसोट्या सत्तर वर्षे एकमेकींशी झगडत आल्या आहेत.

आता गोव्याकडे वळू. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी गोव्यात वरच्या शिक्षणाची सोय फार अपुरी होती. पणजीची वैद्यकीय शाळा 1842 ची, जुनी आणि नामांकित. पण विद्यापीठ नव्हते. ज्याला पुढे शिकायचे तो मुंबईला जाई, नाही तर लिस्बनला. मुंबईच्या धोबीतलावात गावोगावच्या गोवेकरांचे 'कूड' होते. तेथे पेटी ठेवून कोणी जहाजावर जाई, कोणी नोकरीस लागे, कोणी कॉलेजात नाव घाली. मुक्तीनंतर 1963 साली पणजीची ती शाळा गोवा मेडिकल कॉलेज झाली आणि मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. गोवा विद्यापीठ 1985 चे. हे सारे नव्या नागरिकांसाठी उभे राहिले.

ते नागरिक कसे झाले तेही पाहण्यासारखे आहे. 1962 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने हुकूम काढला. 20 डिसेंबर 1961 पूर्वी जो गोवा, दमण, दीवमध्ये जन्मला, किंवा ज्याचे आईबाप, आजाआजी यांपैकी कोणी तेथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक समजला जाईल. ज्याला जुनेच नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याच्या आत तसे लिहून द्यावे. बहुतेकांनी अर्थातच लिहून दिले नाही. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

परंतु लिस्बनच्या दृष्टीने तो संपला नव्हता. गोव्यावरील भारताची सत्ता पोर्तुगालने मान्य केली ती तेथील हुकूमशाही कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 च्या कराराने. मात्र पोर्तुगीज अमलात गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलानातवंडांचा राष्ट्रीयत्वावरचा हक्क पोर्तुगालच्या कायद्याने राहू दिला. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत जन्माची नोंद करावयाची, की मार्ग मोकळा. पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व मानतो; भारत मानत नाही. म्हणून या मंडळींचे दुहेरीपण लंगडे. लिस्बनने एक पाय ठेवू दिला, पण दिल्लीने दुसरा काढून घेतला.

1986 साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला तोवर या पासपोर्टचे मोल फारसे नव्हते. नंतर तो युरोपभर काम मिळवून देणारा कागद ठरला. साष्टी-बारदेशातली तरुण मंडळी साऊथॉल, लेस्टर, स्विंडन येथे गेली आणि गोदामांत, विमानतळांवर, इस्पितळांत राबू लागली. हे लोक झेंडा बदलण्यासाठी गेले नाहीत. गावात कायमची नोकरी नव्हती, खाणी कधी चालू कधी बंद, जहाजावरचे काम करारावरचे. म्हणून ते गेले. नागरिकत्वाच्या चर्चेत निष्ठेचा शब्द फार ऐकू येतो. आम्ही गोदीत पाहिले ते एवढेच की, माणूस आधी भाकरीमागे जातो आणि कागद त्याच्या मागून येतात.

इकडे दिल्लीतही वारा बदलला होता. परदेशस्थ भारतीयांचा पैसा आणि वजन वाढल्यावर त्यांना जवळ आणावे असे सरकारला वाटू लागले. 1999 साली भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी कार्ड निघाले. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने 2002 च्या जानेवारीत अहवाल दिला आणि दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. 9 जानेवारी 2003 रोजी पहिल्या प्रवासी भारतीय दिवशी पंतप्रधान वाजपेयी यांनी तशी घोषणा केली. प्रत्यक्षात कायदा झाला तो 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' या नावाचा. प्रथम तो सोळा देशांपुरता होता. 2005 साली पाकिस्तान आणि बांगलादेश वगळून सर्वांना लागू झाला. नावात 'सिटिझन' आहे. पण घटनेचे नववे कलम जागच्या जागी राहिले. या कार्डवाल्याला मत नाही, निवडणुकीस उभे राहता येत नाही, सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क नाही. पाटी नागरिकत्वाची आणि आत मुदत नसलेला व्हिसा, असेच याचे वर्णन करावे लागेल.

शिक्षणाचे काय? 11 एप्रिल 2005 च्या अधिसूचनेने आर्थिक आणि शैक्षणिक बाबतीत ओसीआय कार्डधारकाला अनिवासी भारतीयाची बरोबरी दिली. 2009 च्या अधिसूचनेने वैद्यकीच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेस बसण्याची मुभा स्पष्ट केली. येथे एक बारकावा आहे. अनिवासी भारतीय हा परदेशात राहत असला तरी भारताचा नागरिक असतो. त्यामुळे तो सर्वसाधारण जागेवरही अर्ज करू शकतो. मग त्याची बरोबरी मिळालेला कार्डधारक का नाही? या आधारावर अनेक मुलांना साध्या यादीत प्रवेश मिळत गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2020 च्या डिसेंबरमध्ये कार्डधारक विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला.

त्यानंतर तीनच महिन्यांत, 4 मार्च 2021 रोजी, केंद्राने नवी अधिसूचना काढून जुन्या तिन्ही रद्द केल्या. आता कार्डधारकाने नीट, जेईई द्यावी. पण प्रवेश मिळेल तो फक्त अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य जागेवर. नागरिकांसाठी राखलेल्या जागेवर त्याचा हक्क नाही. या अनिवासी जागा म्हणजे काय तेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या इनामदार खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी कॉलेजांना पंधरा टक्क्यांपर्यंत अशा जागा ठेवण्यास मुभा दिली, ती जास्त फी घेऊन त्या पैशातून गरीब मुलांना शिकविण्याच्या अटीवर. म्हणजे ही जागा मुळातच श्रीमंताच्या खिशासाठी बेतलेली आहे. तेथे गोदाम कामगाराच्या मुलीने उभे राहायचे.

पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. 3 फेब्रुवारी 2023 रोजी निकाल लागला. असे नियम करण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण ते पूर्वलक्षी नसावेत असे ठरविले. ज्यांनी 4 मार्च 2021 पूर्वी कार्ड घेतले त्यांचे जुने हक्क राहतील; त्यानंतर ज्यांनी घेतले त्यांना नवा नियम लागू. आमच्या सभासदाची नात इतकी वर्षे व्हिसाची मुदत वाढवून घेत येथे राहत होती. कार्ड काढावे हे तिच्या बापाला कोणी सांगितलेच नव्हते. ते निघाले 2022 साली. एका तारखेने तिचा निकाल लावला.

मग इंग्लंडला जावे म्हणावे, तर तिकडची कथा ऐका. ब्रिटन युरोपीय संघात असेतोवर युरोपीय नागरिकाला तेथे देशी विद्यार्थ्याचीच फी आणि फीपुरते कर्जही मिळे. पण नुसता पासपोर्ट पुरत नसे. त्या प्रदेशात आधीची तीन वर्षे रहिवास लागे. ब्रिटन बाहेर पडल्यावर, 1 ऑगस्ट 2021 पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना नव्याने येणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्याला परदेशी फी लागू झाली. ज्यांचे तेथे वास्तव्य आधीच कायम झाले आहे ते यातून सुटले, पण रहिवासाची अट त्यांनाही आहे. इंग्लंडात देशी फी त्या वेळी वर्षाला 9,250 पौंड होती. परदेशी फी त्याच्या दुपटीहून अधिक, वैद्यकीला कित्येक पट. ही मुलगी वाढली बारदेशात. तिकडचा रहिवास ती कोठून आणणार?

तात्पर्य, मार्च आणि ऑगस्ट 2021 या पाच महिन्यांच्या आत दोन्ही दारे लागली. इकडे रहिवास आहे पण नागरिकत्व नाही म्हणून. तिकडे नागरिकत्व आहे पण रहिवास नाही म्हणून. दिल्लीने एक कसोटी धरली, लंडनने दुसरी, आणि दोन्हींत ती नापास झाली.

आम्ही हे प्रकरण युनियनच्या कार्यकारिणीपुढे ठेवले. सरकारकडे निवेदन पाठवावे असा ठराव होता. तेव्हा एक माथाडी कामगार उठला. त्याच्या मुलाने त्याच वर्षी दुसऱ्यांदा नीट दिली होती आणि त्याचा नंबर थोडक्यात हुकला होता. तो म्हणाला, "भाऊ, जागा आधीच मूठभर. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरची पोरं सुटीत येऊन परीक्षा देतील आणि माझ्या पोराच्या पुढे बसतील. त्यांना तिकडचंही दार उघडं. माझ्या पोराला हे एकच दार आहे." सभा गप्प झाली. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ठराव त्या दिवशी मंजूर झाला नाही, आणि तो रेटला नाही याचा आम्हाला आजही पश्चात्ताप नाही.

सार्वजनिक पैशातून उभारलेली जागा या समाजात राहणाऱ्याला आधी मिळावी, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. 1955 च्या इंदूरच्या निकालातही तेच होते. प्रश्न एवढाच की, येथे राहणारा कोण हे ओळखायचे कसे? कॅलिफोर्नियातला मुलगा आणि बारदेशातली ही मुलगी यांच्या हातात एकाच रंगाचे कार्ड आहे. पण एकाची शाळा तिकडे झाली आणि दुसरीची पहिलीपासून बारावीपर्यंत येथे. ज्या नियमाला हा फरक दिसत नाही तो माथाडीच्या मुलाचेही रक्षण नीट करीत नाही, कारण पैसेवाला कार्डधारक अनिवासी जागा विकत घेऊन आत येतोच. अडते ते गरिबाचेच मूल.

कायद्यात वाट मुळीच नाही असे नाही. कार्ड घेऊन पाच वर्षे झाली आणि अर्जापूर्वी बारा महिने येथे वास्तव्य असले, तर सज्ञान माणसाला भारतीय नागरिक म्हणून नोंदणी मागता येते. अर्थात परके नागरिकत्व सोडून. या मुलीच्या बाबतीत ते वर्ष 2027 येते. तिची बारावी झाली 2024 साली. मधल्या तीन वर्षांचे काय करावे, हे कायदा सांगत नाही.

आम्ही कार्यकारिणीपुढे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मसुदा बदलून नेला. कार्डधारकांना सरसकट जागा द्या, ही मागणी काढून टाकली. त्याऐवजी लिहिले की, ज्या मुलाने शाळेची शेवटची सात-आठ वर्षे अखंड भारतात काढली आणि जे सज्ञान होताच भारताचे नागरिकत्व मागण्याचे लेखी वचन देते, त्याला नागरिकांच्या यादीत धरावे. आणि त्याबरोबरच सरकारी वैद्यकीय जागा वाढवाव्यात. दुसरा भाग माथाडी सभासदाने सुचविला. या वेळी त्याने हात वर केला. निवेदन गेले, उत्तर आलेले नाही.

ती मुलगी एका पदवी कॉलेजात बी. एस्सी. करते आहे. चुलत बहीण सुटीत घरी येते तेव्हा दोघी तिची जाड पुस्तके उघडून बसतात. आजोबांनी विचारलेला हिशेब आम्ही आज आपल्यापुढे मांडला. त्यांना तो समजला, पटला नाही. आम्हालाही पटलेला नाही. आपल्यापैकी ज्यांचा कायद्याचा अभ्यास आमच्याहून अधिक आहे, त्यांनी तो पुढे न्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.